रूरमधली मैदानं, चार मित्र आणि दोन दिवस: आधी मॅच ठरवा, मग विमान

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार मित्र पश्चिम जर्मनीत, रूर या जुन्या खाण-कारखान्यांच्या पट्ट्याशेजारी, शुक्रवारी दुपारी ड्युसेलडॉर्फला उतरणार आणि रविवारी रात्री परतणार. यादीत पाच मैदानं आहेत: डॉर्टमुंड, शाल्के, बोखुम, लेव्हरकुझेन आणि कोलोन. चौघांत दोघं पक्के फुटबॉलवेडे, तिसरा "चला, येतो" म्हणणारा, आणि चौथ्याला फुटबॉलमध्ये रस नाही पण मित्रांना सोडवत नाही. विमानाची तिकिटं आत्ता स्वस्त दिसताहेत. हे जमेल का, स्टेडियम टूर मध्ये बसेल का, आणि कोणत्या क्रमाने करावं?

पाचही स्टेडियमांच्या फाटकाबाहेर उभं राहून फोटो काढायचे असतील, तर एका दिवसातसुद्धा जमेल. मला ती नुसती हमाली वाटते. पाचही ठिकाणी मॅच बघायची असेल, तर दोन दिवसांत ते होणार नाही, कारण त्यातल्या बऱ्याच मॅच एकाच वेळी सुरू होतात. तेव्हा खरा प्रश्न मैदानांचा नाहीच. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ या अवधीत किक-ऑफच्या, म्हणजे मॅच सुरू होण्याच्या, किती वेळा एकमेकांवर न चढता बसतात, आणि त्या वेळांना कोण घरच्या मैदानावर खेळतंय, हा प्रश्न आहे. मी मित्रांसाठी अशा फेऱ्या बरीच वर्षं आखतोय आणि सुरुवात नेहमी इथूनच करतो. यादी शेवटी आपोआप तयार होते.

आधी भूगोल, कारण तिथे तुमची निवड चांगली आहे. युरोपात मैदानांची इतकी दाटी फार थोड्या ठिकाणी असेल. डॉर्टमुंड, बोखुम, गेल्सेनकिर्खेन (शाल्के इथलाच क्लब), एसेन, ओबरहाउसेन, डुईसबुर्ग ही सगळी गावं एकमेकांना चिकटलेली आहेत. डॉर्टमुंडहून बोखुम रेल्वेने दहा-बारा मिनिटं, तिथून एसेन आणखी तेवढंच. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांच्याभोवती वस्त्या वाढल्या आणि प्रत्येक वस्तीने आपला क्लब काढला. शेवटची खाण बोट्रोपची, ती २०१८च्या डिसेंबरात बंद झाली. क्लब मात्र राहिले. शाल्केच्या खेळाडूंना आजही 'क्नापेन' म्हणजे खाणकामगार म्हणतात आणि मैदानावर येण्याचा त्यांचा बोगदा खाणीतल्या भुयारासारखा सजवलेला आहे.

कोलोन आणि लेव्हरकुझेन या दाटीत येत नाहीत. नकाशावर जवळ दिसतात, पण डॉर्टमुंडहून कोलोनला जायला सव्वा तास धरा, आणि तोही गाडी वेळेवर असेल तर. रुळांची कामं बहुतेक शनिवार-रविवारीच निघतात. ही दोन मैदानं यादीतून आत्ताच काढा. बॉन, ड्युसेलडॉर्फ, म्योन्शनग्लाडबाख धरून ऱ्हाइनकाठची वेगळी फेरी होते आणि ती स्वतंत्रपणे करावी अशी आहे.

आता वेळा. जर्मनीत गेली काही वर्षं साचा साधारण असा आहे. पहिल्या विभागाची, म्हणजे बुंडेसलीगाची, एक मॅच शुक्रवारी रात्री साडेआठला. शनिवारी दुपारी साडेतीनला एकदम चार-पाच, आणि संध्याकाळी साडेसहाला एक मोठी. रविवारी साडेतीन, साडेपाच आणि कधीकधी साडेसात. दुसरा विभाग शुक्रवारी साडेसहाला, शनिवारी दुपारी एकला आणि रात्री साडेआठला, रविवारी दीडला. तिसरा विभाग शुक्रवारी सातला, शनिवारी दोन आणि साडेचारला, रविवारी दीड, साडेचार आणि साडेसातला. त्याखालचे हौशी आणि अर्धहौशी विभाग शनिवारी दोनच्या आसपास आणि रविवारी दुपारी तीनला, ही तर जवळजवळ परंपराच. एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या मॅच सकाळी अकराला सापडतात.

मॅच सुरू झाल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत एक तास पंचावन्न मिनिटं धरा. एक मॅच संपून दुसरी सुरू होईपर्यंत शेजारच्या गावातसुद्धा किमान दोन तास हवेत. त्याहून कमी अंतराची जोडी मी आखतच नाही. त्या हिशेबाने एक आणि साडेतीन बसत नाही, मैदानं कितीही जवळ असली तरी. एक आणि साडेसहा आरामात बसतं: बोखुमची मॅच तीनच्या सुमारास संपते, ट्राम आणि गाडी धरून सव्वाचार-साडेचारला तुम्ही डॉर्टमुंडच्या स्टेडियमपाशी, आणि फाटकं साधारण दोन तास आधी म्हणजे त्याच सुमारास उघडतात. दोन आणि साडेसहाही बसतं. साडेतीन आणि रात्री साडेआठ कागदावर बसतं, पण डॉर्टमुंडमधून ऐंशी हजार माणसं बाहेर पडताना तुम्ही त्यांच्यात असाल तर त्या कागदाला अर्थ राहत नाही.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सुरू होतात. पहिली म्हणजे कोण कोणत्या विभागात आहे. शाल्के २०२३ मध्ये पहिल्या विभागातून खाली गेलं, बोखुम २०२५ मध्ये. तुम्ही जाल त्या मोसमात चित्र वेगळं असू शकतं, आणि विभाग बदलला की किक-ऑफच्या वेळा बदलतात. दुसरी म्हणजे शेजारचे मोठे क्लब शक्यतो एकाच दिवशी घरी खेळू नयेत, असा प्रयत्न वेळापत्रक करताना असतो, कारण पोलीस तेच आणि रेल्वे स्थानकंही तीच. त्यामुळे डॉर्टमुंड आणि शाल्के दोन्ही एकाच शनिवारी मिळतील अशी आशा धरू नका. एक शुक्रवारी किंवा रविवारी आणि दुसरं शनिवारी, असं झालं तर ते नशीब समजा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तुमच्या स्वस्त विमानाचं घोडं तिथेच अडतं. मोसमाचं वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं तेव्हा फक्त वीकेंड कळतो. शुक्रवार, शनिवार की रविवार, आणि किती वाजता, हे टप्प्याटप्प्याने, मॅचच्या काही आठवडे आधी जाहीर होतं. म्हणजे आज तुम्ही "डॉर्टमुंडची घरची मॅच" बघून विमान घेतलंत, तर ती शुक्रवारी रात्रीपासून रविवारी संध्याकाळपर्यंत कुठेही पडू शकते. वेळा जाहीर होईपर्यंत थांबा, हा माझा सरळ सल्ला. थांबवत नसेल तर परतीचं विमान सोमवारी सकाळचं घ्या. ती एक जास्तीची रात्र चुकलेल्या मॅचपेक्षा स्वस्त पडते.

थोडा अंदाजही बांधता येतो. युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धा आठवड्याच्या मधल्या दिवशी होतात. क्लब गुरुवारी त्यांपैकी युरोपा लीग खेळत असेल तर त्याची पुढची लीग मॅच बहुतेक रविवारी पडते, विश्रांतीचे दिवस मिळावेत म्हणून. बुधवारी चॅम्पियन्स लीग असेल तर शुक्रवार बाद समजा. पुढच्या मंगळवारी युरोपात खेळायचं असेल तर शुक्रवार किंवा शनिवार. हे नियम नाहीत, कल आहेत, पण चार जणांची रजा मागायला तेवढे पुरतात.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये राष्ट्रीय संघांसाठी वरचे विभाग थांबतात. लोक ते वीकेंड टाळतात. तुमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टाळावेतच, पण दुसऱ्या फेरीसाठी लक्षात ठेवा: चौथ्या विभागाखालचं फुटबॉल चालूच असतं, हॉटेलं स्वस्त असतात आणि छोट्या मैदानांवर एरवी न येणारी माणसं त्या दिवशी येतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मात्र जाऊच नका. हौशी विभाग तर फेब्रुवारीच्या शेवटापर्यंतही झोपलेले असतात.

आता तिकिटं. इथे चौघांचा गट हीच अडचण आहे. डॉर्टमुंडच्या स्टेडियमची लीग सामन्यांसाठीची क्षमता ८१,३६५, जर्मनीत सर्वाधिक, तरीही सीझन तिकीटवाले (अख्ख्या मोसमाची जागा आधीच घेतलेले) आणि सभासद यांच्यानंतर खुल्या विक्रीला फारसं काही उरत नाही. शेजारी-शेजारी चार खुर्च्या मिळणं जवळजवळ अशक्य. दोन-दोनच्या जोड्या करा. त्या क्लबच्या स्वतःच्या फेरविक्रीत मॅचच्या आदल्या आठवड्यात दिसू लागतात, कारण सीझन तिकीटवाले जागा परत टाकतात. दिवसातून दोनदा डोकावायचं काम एकाने अंगावर घ्यावं. बाहेरच्या चकचकीत साइटवर तिप्पट किमतीला "हमखास चार जागा" दिसतील. तिथे जाऊ नका. क्लबला कळलं तर तिकीट रद्द होतं आणि फाटकावर तुम्ही हात हलवत उभे राहता.

दुसरा मार्ग उभं राहण्याच्या स्टँडचा, आणि जर्मनीला जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. इंग्लंडमध्ये १९८९च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर (त्यात अखेर ९७ जणांचा मृत्यू झाला) वरच्या विभागांतले उभे स्टँड काढून सगळीकडे खुर्च्या आल्या. परवानगीने मर्यादित उभ्या जागा तिथे २०२२ पासून परत आल्या. जर्मनीत त्या कधी गेल्याच नाहीत. डॉर्टमुंडचा दक्षिण स्टँड साडेचोवीस हजारांचा, युरोपातला सगळ्यात मोठा उभा स्टँड. उभ्या तिकिटावर खुर्चीचा नंबर नसतो, फक्त ब्लॉक असतो. म्हणजे चार तिकिटं चार वेगळ्या माणसांकडून आली, पण ब्लॉक एकच असला, तर चौघं एकत्र उभे राहू शकता. किंमतही साधारण १५ ते २० युरोंच्या घरात. दक्षिण स्टँडचं तिकीट मिळणं अवघडच आहे, पण बोखुम, एसेन, डुईसबुर्ग इथे उभ्या जागा पुष्कळदा सहज मिळतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला गर्दीचा तो अनुभव तिथेही पुरेपूर मिळतो.

पाहुण्या संघाच्या भागातली तिकिटं रिकामी दिसली म्हणून घेऊ नका. तो भाग वेगळा कुंपणात असतो, मॅच संपल्यावर कधीकधी त्यांना थांबवून ठेवतात, आणि तिथे तटस्थ माणसाला काही काम नसतं.

तिकीट हातात आलं की त्यावरची बारीक अक्षरं वाचा. इथल्या बहुतेक मोठ्या क्लबांच्या तिकिटात त्या दिवशीचा स्थानिक वाहतुकीचा प्रवास धरलेला असतो: ट्राम, बस, भुयारी गाडी, स्थानिक रेल्वे. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या त्यात येत नाहीत. पुष्कळ जण हे न कळल्याने दिवसाचा पास वेगळा काढतात.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो तो भाग. तुमच्या यादीत सगळी मोठी नावं आहेत. माझा आग्रह असा, की एक मोठी मॅच पक्की करा आणि बाकीच्या जागा मुद्दाम छोट्या मैदानांनी भरा. त्याने वेळापत्रक मोकळं होतं, तिकिटांची चिंता जाते, आणि या भागाचं फुटबॉल खरं कळतं.

सगळ्यात सोपं उदाहरण डॉर्टमुंडलाच आहे. मोठ्या स्टेडियमच्या अगदी कुशीत रोटे एर्डे नावाचं जुनं मैदान आहे, १९२६चं. १९७४ मध्ये शेजारचं स्टेडियम उघडेपर्यंत बोरुसिया, म्हणजे डॉर्टमुंडचा क्लब, इथेच खेळत होता; आता क्लबचा दुसरा संघ खेळतो. दगडी बांधणीचा मुख्य स्टँड, भोवती धावण्याचा ट्रॅक, आणि मागे मोठ्या स्टेडियमचे पिवळे खांब आभाळात गेलेले. दुसऱ्या संघाची मॅच तुमच्या वीकेंडला असेल तर तिकीट फाटकावर मिळेल. मॅच नसली तरी मोठ्या मॅचला लवकर पोचलात की तिकडून एक चक्कर माराच.

एसेनचं हाफेनष्ट्रासेवरचं स्टेडियम २०१२चं, तसं साधंच, वीस हजारांचं. पण रोट-वाइस एसेन १९५५ मध्ये जर्मनीचा विजेता होता, आणि १९५४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्नला हंगेरीविरुद्ध विजयी गोल मारणारा हेल्मुट रान याच क्लबचा. त्याचा पुतळा स्टेडियमबाहेर आहे. खालच्या विभागात इतकी वर्षं काढूनही इथला आवाज वरच्या विभागातल्या कितीतरी मैदानांपेक्षा मोठा आहे. एसजीएस एसेन हा महिलांचा संघही याच मैदानावर खेळतो, आणि त्यांच्या मॅचची तिकिटं सहज मिळतात. पुरुषांची मॅच बाहेरगावी असेल तर हा पर्याय नक्की बघा.

ओबरहाउसेनचं नीडरऱ्हाइन स्टेडियम कालवा आणि एमशर नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर आहे. हेर्नेला एका खंदकवाल्या गढीशेजारी वेस्टफालिया हेर्नेचं मैदान आहे, आजच्या संघाला कितीतरी सैल होणारं. वुपर्टाल रूरच्या कडेला, पण तिथे नदीवरून उलटी लटकत जाणारी रेल्वे आहे, १९०१ पासूनची, आणि तिचं एक स्थानक थेट स्टेडियम आणि प्राणिसंग्रहालयाच्या नावाचं. तुमच्या चौथ्या मित्राला कोणती मॅच दाखवावी असा प्रश्न पडला तर हे उत्तर. त्याला रेल्वे आवडेल, तुम्हाला १९२४चं मैदान.

आणि एक तरी अगदी तळाची मॅच बघा, रविवारी तीनची. जर्मन फुटबॉल संघटनेच्या 'फुसबाल डॉट डीई' या संकेतस्थळावर गल्लीतल्या संघापर्यंत सगळ्यांची वेळापत्रकं आणि मैदानाचे पत्ते असतात. पूर्वी इथली मैदानं तांबड्या राखेची असत, पडलं की गुडघे सोलून निघत. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम गवत आलंय. फाटकाशी एक टेबल, त्यावर पत्र्याची पैशांची पेटी, काही युरो दिले की हातावर शिक्का. स्टँड नाही, मैदानाभोवती कमरेएवढा लोखंडी कठडा, त्यावर कोपरं टेकून म्हातारे उभे. या पातळीवर बहुतेकदा एकच रेफरी असतो, रेषेवरचे साहाय्यक नसतात. त्यामुळे ऑफसाइड तो पन्नास मीटरवरून देतो आणि कठड्यावरचं प्रत्येक कोपर त्याला आपलं मत कळवतं. तुम्ही चार परके चेहरे दिसलात की अर्ध्या तासात कुणीतरी येऊन विचारतंच, इथे कसे काय? वरच्या कुठल्याही मैदानावर इतकं सहज बोलणं होत नाही. इथे रोख पैसे लागतात, कार्ड चालेल असं धरू नका. आणि पावसाळी आठवडा असेल तर सकाळी संकेतस्थळ पुन्हा बघा: गवताचं मैदान बंद ठेवलं की मॅच रद्द होते किंवा शेजारच्या कृत्रिम मैदानावर जाते.

स्टेडियम टूरबद्दल विचारलंत. सामन्याच्या दिवशी टूर सहसा नसते किंवा आटोपती असते, त्यामुळे तिची आणि मॅचची सांगड घालू नका. रिकाम्या स्टेडियमवर तास घालवायला मी फारसा राजी नसतो, अपवाद शाल्केचा. २००१ मध्ये उघडलेल्या त्या स्टेडियमला उघडझाप करणारं छप्पर आहे, आणि गवताचं अख्खं मैदान एका ताटात बसवलेलं आहे. ते सुमारे अकरा हजार टनांचं ताट दक्षिण स्टँडखालून सरकत बाहेर उघड्यावर येतं. गवताला ऊन-पाऊस मिळतो आणि आत गाण्याचे कार्यक्रम होतात. मॅच नसलेल्या दिवशी गेलात तर मैदान स्टेडियमच्या बाहेर पडलेलं दिसण्याची शक्यता चांगली. गेल्सेनकिर्खेनच्या मुख्य स्थानकावरून ३०२ नंबरची ट्राम थेट जाते. शुक्रवारी विमान लवकर उतरलं तर हे बसवता येईल. डॉर्टमुंडला मुख्य स्थानकासमोरच २०१५ मध्ये उघडलेलं जर्मन फुटबॉल संग्रहालय आहे, शनिवार सकाळसाठी योग्य. चौथ्या मित्राला त्याच वेळात एसेनच्या त्सॉलफेराइन खाणीकडे पाठवा. २००१ पासून ती जागतिक वारसा स्थळ आहे, आणि तिथून तो तुमच्यापेक्षा जास्त खूश होऊन येईल.

माझ्या हाती आखणी दिलीत तर ती साधारण अशी होईल. शुक्रवारी साडेसहा किंवा सातची खालच्या विभागातली मॅच: शाल्के, बोखुम, एसेन, डुईसबुर्ग यांपैकी जे त्या मोसमात खालच्या विभागात आणि त्या दिवशी घरी असेल ते. शनिवारी डॉर्टमुंड, ती मॅच साडेतीनची असेल तर त्या दिवशी दुसरी मॅच नको, साडेसहाची असेल तर आधी दुपारी एक किंवा दोनची एखादी. रविवारी सकाळी हवी तर मुलांची मॅच, दुपारी तीनला छोटं मैदान. म्हणजे तीन मैदानं नक्की, चार शक्य, पाच कुणाला सिद्धच करून दाखवायचं असेल तर.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. डॉर्टमुंडची मॅच असेल त्या रात्री डॉर्टमुंडला हॉटेलांचे भाव चढतात. बोखुम किंवा एसेन मधोमध पडतं. फक्त एसेन आणि ड्युसेलडॉर्फला मोठी व्यापारी प्रदर्शनं भरतात, तेव्हा तिथलेही भाव गगनाला भिडतात, म्हणून तारीख ठरवताना तेही तपासा. पाठीवरच्या पिशव्या हॉटेलवरच ठेवा. बहुतेक स्टेडियमांत ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, आणि मॅचच्या दिवशी स्थानकावरचे लॉकर लवकर भरतात. रविवारी दुकानं बंद असतात. वाटेतलं खाणं-पिणं शनिवारीच घ्या किंवा स्थानकातल्या दुकानांवर विसंबा.

डॉर्टमुंडहून बाहेर पडताना भुयारी गाडीच्या रांगेत उभं राहू नका. क्रॉयत्सफियर्टेल या वस्तीतून चालत मुख्य स्थानक पाऊण तासावर आहे. वाटेत खानावळी आहेत, रस्ताभर पिवळे टीशर्ट चालत असतात, आणि हा पाऊण तास मला स्वतःला मॅचइतकाच आवडतो. बिअरच्या पेल्याचे अनामत पैसे परत मिळतात, म्हणून पेले फेकू नका. कुणी पिंप फिरवत पेले गोळा करत असेल तर ते बहुधा एखाद्या सामाजिक कामासाठी असतं, त्यात टाका.

कपड्यांचं भान ठेवा. डॉर्टमुंडला निळा-पांढरा (शाल्केचे रंग) आणि शाल्केला पिवळा-काळा (डॉर्टमुंडचे रंग) जोड घालू नका, सहज घातलेला असला तरी. दोन्ही संघांची नावं असलेला अर्धा-अर्धा मफलर तर घेऊच नका. उभ्या स्टँडमध्ये गोलच्या बरोब्बर मागे, खाली, ढोल आणि भोंगेवाला असतो तिथे कट्टर समर्थकांची जागा आहे. तिथे पूर्ण नव्वद मिनिटं गायचं असतं, झेंड्यांमुळे मॅच धड दिसत नाही, आणि मोबाइल वर करून त्यांच्या चेहऱ्यांचं चित्रण केलेलं त्यांना मुळीच खपत नाही. कठड्याला बांधलेल्या कापडी फलकांना तर हातही लावू नका. कडेचे, वरचे भाग घ्या. तुमच्यात कुणी उंचीने कमी असेल तर एक तास आधी जाऊन लोखंडी दांड्यामागची जागा पकडा, म्हणजे समोर कुणी येत नाही आणि मागून रेटा आला तर टेकायला आधार मिळतो.

डॉर्टमुंड विरुद्ध शाल्के, या दोन कट्टर प्रतिस्पर्धी शेजाऱ्यांची मॅच, त्या वीकेंडला आली तर? पहिल्याच फेरीत नको. तिकीट मिळणार नाही, स्थानकांवर पोलिसांची भिंत असते, गाड्या कोंबलेल्या असतात, आणि चौथा मित्र पुन्हा कधी तुमच्याबरोबर येणार नाही. मात्र त्याच दिवशी जवळची छोटी मॅच असेल तर तीही टाळायची गरज नाही, फक्त स्थानकं बदलून जा.

राहिला रविवारच्या परतीचा मुद्दा. साडेपाचची बुंडेसलीगा मॅच साडेसातला संपते, त्या रात्रीचं विमान तिच्याबरोबर बसत नाही. तीनची छोटी मॅच मात्र पाचच्या आत उरकते, आणि ओबरहाउसेन किंवा डुईसबुर्गहून ड्युसेलडॉर्फ विमानतळ जवळ आहे, त्यामुळे रविवारचं मैदान पश्चिमेकडचं निवडा आणि विमान साडेआठच्या पुढचं घ्या. तारीख पक्की झाली की ती आणि परतीची वेळ कळवा. त्या रविवारी तीन वाजता त्या पट्ट्यात कोण घरी आहे ते बघून दोन-तीन नावं सांगतो.